पन्नास सीसी, साठीच्या वर

आधीच सांगून ठेवते, काल्हेरपासून दापोड्यापर्यंत पन्नास सीसीची मोपेड माझ्यासारखी चालवणारं माणूस अजून जन्माला यायचंय! दोन कंटेनरच्या मधून काढीन म्हटलं तर काढीन. काढत नाही, कारण डब्यातली आमटी सांडेल. मागे दोन्ही बाजूंना डब्यांच्या पिशव्या, पुढे पायाशी भाताचं पातेलं आणि मधोमध मी. मी काही शेवग्याची शेंग नाही, त्यामुळे एवढ्या सगळ्यात गाडी फारशी दिसतच नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाई बसल्या बसल्या रस्त्यावरून सरकत चाललीय! वाटू दे. गोडाऊनवरची माणसं दुपारी एकला जेवायला बसतात आणि माझ्या डब्याची एकची वेळ कधी चुकलेली नाही.

मी कमळा तरे. आमचे हे म्हणजे अनंता तरे, स्वभावाने इतके गरीब की डास चावला तर मारत नाहीत, कूस बदलतात. मुलगा मनोज एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो. सून नेत्रा, गुणाची पोर. आणि आमच्या सासूबाई, आनंदीबाई. वय बाहत्तर, आवाज पंचविशीचा! सकाळी डोळे उघडले की सुरू. "कमले, गॅस मोठा हाय! कमले, मिठाचा हात आवर! कमले, नळ टपकतोय!" नळ टपकतो तोसुद्धा माझ्यामुळेच.

म्हणून सांगते, ती मोपेड म्हणजे माझ्यासाठी नुसती गाडी नव्हती. किक मारली की इंजिनाच्या फटफटीत सासूबाईंचा आवाज बुडायचा. तिथून पुढे दोन-अडीच तास मी कुणाची सून नाही, कुणाची आई नाही. डबे पोचवायचे, गोडाऊनच्या पायरीवर बसून वॉचमनच्या बायकोशी गप्पा हाणायच्या, येताना खाडीच्या बाजूला गाडी लावून एक भेळ खायची. माझी मी, एकटी! इतकं सुख मला माहेरीसुद्धा मिळालं नव्हतं.

तर यंदा, म्हणजे दोन हजार सहा सालच्या जानेवारीत एका सकाळी मनोज चहा पिता पिता म्हणाला, "आई, ती गाडी आता बास झाली. सत्तावीस तारखेला भंगारवाला येणार आहे. मी बोललोय त्याच्याशी."

माझ्या हातातली पळी हातातच राहिली. "कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? आपल्या जागेवर गोडाऊन उभं राहिलं, भाडं येतं, आणि माझी आई डबे वाटत फिरते! ऑफिसात पोरं दात काढतात. त्यात तुझं वय..."

"काय झालं माझ्या वयाला?"

"पन्नासची झालीस ना."

"मग? पन्नासची बाई, पन्नासची गाडी! आमचं दोघींचं जमतं!"

आतल्या खोलीतून सासूबाईंनी सूर लावला, "मनोज बरोबर बोलतोय. या वयात बाईमाणसानं घरात बसावं. मी न्हाय का बसलेली?"

ही बाई घरात बसलीय म्हणून तर मला बाहेर जावं लागतं! पण हे मी मनात म्हटलं. मी भांडखोर आहे, वेडी नाही.

त्याच आठवड्यात गावच्या मंडळाने जाहीर केलं की सव्वीस जानेवारीला दापोड्याच्या नव्या गोडाऊनभोवती मोटारसायकलची शर्यत होणार. गोडाऊन बांधून झालं होतं, माल यायचा होता, चारी बाजूंनी मुरूम टाकून जागा सपाट केलेली. त्याच्याभोवती पाच फेऱ्या मारायच्या. मनोजने नुकतीच दीडशे सीसीची गाडी घेतली होती. दिवसभर फडकं घेऊन ती पुसायचा. लहानपणी स्वतःचं नाक एवढं पुसलं असतं तर माझे कष्ट वाचले असते!

मी भंगारवाल्यावरून रोज कटकट करत होते. एक दिवस तो वैतागून हसला. "बरं बाई, शर्यतीत मला हरवून दाखव. मग ठेव तुझी गाडी, जन्मभर ठेव!"

"शब्द?"

"शब्द!"

"मी ऐकलं हां," नेत्रा भाकरी थापता थापता म्हणाली. मनोजने बायकोकडे असं बघितलं की जणू तिनेच त्याच्या टाकीत पाणी ओतलं.

संध्याकाळी मी तडक मंडळाच्या ओट्यावर. मंडळाचे अध्यक्ष केसरीनाथ भावजी, म्हणजे यांचे चुलतभाऊ. मोटारसायकलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण बैलगाड्यांच्या शर्यतीत त्यांनी उभी हयात पंच म्हणून काढली. त्यांनी निकाल दिला की भलेभले मिशीवाले गुपचूप बैल सोडून घरी जायचे.

"भावजी, शर्यतीत वर्ग किती ठेवलेत?"

"कसले वर्ग? सगळे एकत्र. जो पयला तो पयला."

"म्हणजे माझी पन्नास सीसी आणि मनोजची दीडशे सीसी एका रेषेवर?"

ओट्यावरची पोरं खो खो हसली. मनोजचा दोस्त धनेश म्हणाला, "काकी, तुम्हीपण धावणार? मग रांगोळीच्या स्पर्धेत कोण?"

"रांगोळीत तुझी आई आहे! मी इथे आहे!" त्याला गप्प केला आणि भावजींच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. "भावजी, छातीवर हात ठेवून सांगा. तुम्ही पंच होता तेव्हा आदत खोंडाला कधी चौसा बैलाबरोबर पळवलंत?"

बैलाचं वय दातांवरून ठरवतात, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. ज्याचे दुधाचेच दात आहेत, मोठे दात यायचेत, तो आदत. चार मोठे दात आले की चौसा. ह्या दोघांना एकत्र पळवणाऱ्या पंचाला कुणी दारात उभं करणार नाही.

भावजींचा चेहरा उतरला. "न्हाय गं. मेलो तरी न्हाय."

"मग आम्ही माणसांनी काय पाप केलंय?"

भावजींनी मग मांडीवर थाप मारली. "कमळा बोलते ते खरं हाय! वर्ग होणार!"

मी अशी घरी आले, जशी काही दिल्लीहून कायदा पास करून आले.

पहिल्या दिवशी चार वर्ग झाले. पन्नास, ऐंशी, शंभर आणि दीडशे सीसी. तिथेच थांबले असते तर आज ही गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर आली नसती! पण एकदा माणसाला न्यायाची चटक लागली की सुटत नाही. दुसऱ्या दिवशी दौलतकाका काठी आपटत आले. "माझी ऐंशी सीसी न् त्या रामूची ऐंशी सीसी सारखी कशी? तो तिशीचा, मी सत्तरीचा!" पटलं. वयाचे वर्ग झाले. मग धनेश आला, पोटावर हात फिरवत. "माझं वजन बघा, आणि बाकीच्या काड्या बघा! माझ्या गाडीनं काय दोन माणसं ओढायची?" तेही पटलं. वजनाचे वर्ग झाले. मग रामू म्हणाला, "मी मेव्हण्याची गाडी आणणार. दुसऱ्याची गाडी जपून चालवावी लागते. उसन्या गाडीवाल्यांचा वर्ग वेगळा पायजे!" आता ह्याला तरी नाही कसं म्हणायचं?

चार दिवसांत अशी वेळ आली की एका वर्गात एकच माणूस. जितके स्वार तितके वर्ग, आणि सगळेच्या सगळे पहिले! गावात नुसता आनंदीआनंद. शर्यत लावायचीसुद्धा गरज उरली नव्हती. पण मंडळाने कप आणले होते तीन.

भावजी डोकं धरून बसले आणि शेवटी उठून ओरडले, "बास! शर्यत एकच होणार. न्याय फेऱ्यांत करायचा. दीडशेवाल्याला पाच फेऱ्या. पन्नास सीसीला एक फेरी माफ. वजनदाराला अर्धी माफ. आणि साठीच्या वर असंल त्याला, गाडी कुठलीबी असो, आणखी एक माफ!"

मी हिशोब केला. वजनाची सवलत मी मेले तरी मागणार नव्हते, म्हणजे मला चार, मनोजला पाच. माझी गाडी मुरमावर कशी रखडते आणि त्याची कशी सुटते, ते मला माहीत होतं. चार फेऱ्यांत मी हरणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. साठीच्या वर असते तर तीनच फेऱ्या आणि मग बघितलं असतं! पण मी पन्नासची. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ह्याचा आनंद झाला असता.

आणि काय सांगू, ती साठीची सवलत जाहीर झाल्याबरोबर आमच्या गावातले पुरुष एका रात्रीत म्हातारे झाले! लग्नासाठी मुली बघणारा धनेशसुद्धा म्हणायला लागला, "मी वयापेक्षा लहान दिसतो." शाळेचे दाखले मागवले, तर अख्ख्या गावाचा जन्म एक जूनचा! आमच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना ज्याची उंची जशी तसं त्याचं साल धरलेलं, आणि तारीख सगळ्यांना एकच. रेशन कार्ड बघावं, तर रामू त्याच्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठा.

"ह्या कागदांचा काय उपेग न्हाय," भावजी म्हणाले. "शर्यतीच्या दिवशी मी बघतो काय करायचं ते." आणि गालातल्या गालात हसले.

सव्वीस जानेवारी उजाडली. झेंडावंदन झालं आणि सगळे स्वार आधी वजनाला गेले. जवळच ट्रक तोलायचा मोठा काटा आहे, भावजींनी तोच ठरवलेला. काट्यावरचा भैया हात जोडून म्हणाला, "चाचा, ये ट्रक का काँटा है! बीस किलो के नीचे इसको कुछ समझता ही नहीं!"

"समझेगा, समझेगा," भावजी म्हणाले. "माणसं ट्रकपेक्षा हलकी हायत, लवकर तोलून होतील."

धनेश चढला, ऐंशी. दौलतकाका चढले, साठ. रामू चढला, साठ. काका नुसते हाडं-कातडं आणि रामूच्या गालावर गाल, तरी साठ! मग मी चढले. आत भैयाने आकडा वाचला आणि बाहेर लावलेल्या माइकवर मोठ्याने सांगितला. तो मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते, काटा वीसच्या उडीने पुढे जातो, म्हणजे त्यातले निदान पंधरा तरी काट्याचे होते! धनेशने टाळ्या वाजवल्या, म्हणून मी त्याच्या पायावर पाय दिला. पुऱ्या वजनाचा.

शेवटी भावजींनी वजनाचा नियम रद्द केला. मग माइक घेऊन ते गोडाऊनसमोर एका खुर्चीवर उभे राहिले. "आता वय! कागद खोटे, माणसं खोटी. खोटं बोलत न्हाय अशी एकच गोष्ट हाय. रांगेत उभे राहा आणि तोंड उघडा!"

हो! त्यांनी सगळ्यांचे दात बघायला सुरुवात केली! एक हात हनुवटीला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ओठ वर. बैलाचं बघतात तसंच, फक्त शेपटी तेवढी ओढली नाही. "तीस!" "बत्तीस!" "हा चाळीस, पण सुपारी कमी कर!" धनेश साठीचा दावा सांगत होता, त्याला चोवीस मिळाले. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली होती.

दौलतकाकांनी हुशारी केली. भावजी जवळ आल्याबरोबर कवळी काढून हातात धरली आणि बोळकं पसरून दाखवलं. आता ह्याच्याहून मोठा पुरावा कुठला?

भावजी बराच वेळ वाकून बघत राहिले. "मोठा दात एकबी न्हाय. म्हणजे आदत. पोरांत धरा, माफी न्हाय."

"अरे केशा!" काका किंचाळले. "मी तुझ्या बापाचा दोस्त! दात आले होते, गेले!"

"आता हायत का?"

"न्हाय."

"मग? मोठे दात नसतील तो आदत, हा नियम हाय. नियम तोंड बघून बदलत न्हाय. पुढचा!"

काका कवळी हलवत शिव्या देत होते. पण कवळी हातात होती, त्यामुळे एकही शिवी कुणाला नीट कळली नाही.

मग माझी पाळी. आता माझ्या दातांचं काय सांगू! वयाच्या दहाव्या वर्षापासून मी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. घरादारातल्या सगळ्या बायका लावतात. पुढचे दात काळे, मागच्या दोन दाढा मागच्याच वर्षी काढलेल्या, एक हलणारी. मी पदर तोंडावर धरला. "भावजी, लोकांत?"

"पंचासमोर लाज न्हाय." त्यांनी अंगठा घातला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मान हलवली. आणि माइक तोंडाला लावून सांगितलं, "साठ! साठीच्या वर!"

तळपायाची आग मस्तकात गेली! पन्नासच्या बाईला साठची म्हणतो? मी हात उचललाच होता. भावजींच्या गालापासून तो वीतभर लांब होता. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पन्नास सीसी, साठीच्या वर. फेऱ्या तीन."

माझा हात तसाच खाली आला आणि मी पदर सारखा केला.

पण मनोज गप्प बसतो का? "काका, काहीतरी काय! आई पन्नासची आहे!"

"कोण म्हणतो?" मी त्याच्याकडे वळले. "माझ्या जन्माच्या वेळी तू होतास का रे?"

"अगं, पण तूच तर म्हणाली होतीस, पन्नासची बाई..."

"पंच मोठा का तू मोठा? पंचांनी साठ म्हटलं म्हणजे साठ! पुन्हा सांगते, साठ! अजून ऐकायचंय? साठ!"

माइक माझ्या तोंडासमोर होता आणि चालू होता, हे मला मागाहून कळलं. कर्णे विजेच्या खांबावर बांधलेले, आवाज काल्हेरच्या नाक्यापर्यंत गेला म्हणतात. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत आमच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या हातातली शेंगदाण्याची पुडी खाली पडली, ते मात्र मी बघितलं. पण तेव्हा तिकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता?

नेत्राने तिचं गुलाबी हेल्मेट माझ्या डोक्यावर बसवलं, साडीचा काष्टा खोचून दिला आणि कानात म्हणाली, "आई, वळणावर ब्रेक मारू नका. आणि ह्यांना सोडू नका!"

भावजींनी रुमाल खाली केला आणि धूळ उडाली ती उडाली! मनोज तीरासारखा सुटला. दौलतकाका पहिल्याच वळणावर भावजींना शिव्या द्यायला थांबले आणि तिथेच राहिले. माझी मोपेड आधी खोकली, मग विचार केला, मग निघाली. कुणाला हसायचं ते हसले. मला एवढंच माहीत होतं की मनोजने मला मागून येऊन दोनदा गाठलं तर तो जिंकला, आणि एकदाच गाठलं तर मी.

पहिली फेरी संपता संपता मागून फटफट आली. मनोज! बाजूने जाताना त्याने हात हलवला आणि वर म्हणाला, "आई, ये सावकाश!" मी म्हटलं, ये तर खरं परत! दुसऱ्या फेरीत मला समजलं की मुरमाच्या वळणावर मोठी गाडी घसरते, म्हणून तिला हळू व्हावं लागतं. माझ्या गाडीला हळू व्हायचा प्रश्नच नव्हता, ती मुळात हळूच होती. मी वळणांवर मूठ सोडलीच नाही. धनेशला मागे टाकला! रामू मेव्हण्याच्या गाडीला ओरखडा पडेल म्हणून बाजूने चालला होता, त्याला टाकला! बायका ओरडत होत्या, "कमळाबाई! कमळाबाई!" माझ्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. ही गाडी भंगारात घालणार? घालून दाखवा!

तिसरी फेरी. शेवटचं वळण. समोर चुन्याची पांढरी रेषा, आणि मागे ती फटफट. जवळ आली. आणखी जवळ आली. मनोज माझ्या बरोबरीला आला, त्याचं पुढचं चाक माझ्या चाकाशेजारी, गाडी वळणाला वाकलेली, मागचं चाक मुरमात फरफटतंय. ते बघितलं आणि माझ्या तोंडून जोरात निघालं, "मन्या! पडशील! हळू!"

आणि काय सांगू! अठ्ठावीस वर्षांचा घोडा, पण आईचा आवाज कानावर गेल्याबरोबर त्याचा हात आपोआप ब्रेकवर गेला! डोक्याला विचारलंच नाही हाताने. गाडी थबकली आणि मी रेषा ओलांडली!

मी काळजीने ओरडले की मुद्दाम ओरडले, असं लोक अजून विचारतात. मी म्हणते, आईने ओरडायचं नाही असा नियम होता का? नव्हता! मग संपलं!

कप घेऊन घरी आले. मनोजचं तोंड एवढंसं झालेलं, पण पोरगा शब्दाचा पक्का. माझ्यासमोर भंगारवाल्याला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं. मी कप टीव्हीवर ठेवला, सोफ्यावर बसले आणि पाय पसरले. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. पदर कमरेला खोचलेला. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"तीस वर्षं झाली तुमच्या लग्नाला," त्या म्हणाल्या. "साठातून तीस गेले किती?"

"अहो आई, ते शर्यतीपुरतं..."

"तीस! तुझा बाप काय बोलला मला? पोर विशीची हाय! तीस वर्षांची घोडनवरी माझ्या चोवीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात बांधली! मी जाणार तुझ्या माहेरी. आता जाणार!"

मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, तुम्ही तरी बोला! हे आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीतून पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "कमळे, खरं काय ते सांग. मी रागावणार न्हाय."

"अहो! मी तुमच्यापेक्षा मोठी दिसते?"

"दिसत न्हाईस. पण माइकवर तीनदा बोललीस ना."

माझा संताप संताप झाला. "कान उघडून ऐका सगळे! मी पन्नासची आहे! पन्नास! पन्ना..."

"थांब," मनोज म्हणाला. भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला बिलकूल आवडली नाही. "पन्नास असशील तर तुला चार फेऱ्या होत्या. तू मारल्यास तीन. म्हणजे तू शर्यत पुरीच केली नाहीस. कप परत, आणि भंगारवाला उद्या हजर. नीट विचार करून सांग आई. पन्नास का साठ?"

आत नळ टपकत होता. सासूबाई बघतायत, हे बघतायत, नेत्रा ओठ चावून बघतेय. दारात माझी मोपेड उभी, मुरमाच्या धुळीने लाल झालेली. तिच्याकडे बघितलं आणि ठरवलं. काय व्हायचं ते होवो! माझ्या बापाला शिव्या पडोत, मी नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी ठरो, गाडी देणार नाही!

"साठ!" मी म्हटलं. "पूर्ण साठ! बोला आता!"

"मग ऐक," मनोज म्हणाला. "गाडी तुझी. पण साठीच्या बाईला मी त्या ट्रकांच्या रस्त्यावर एकटी सोडणार नाही. लोक मलाच बोलतील. मागे सोबत पाहिजे. रोज."

"सोबत? कुणाची सोबत? नेत्राला शाळेत शिकवायला जायचं असतं, तुझ्या बापाला मागे बसून चक्कर येते!"

"मी जाईन," सासूबाई म्हणाल्या.

मी सोफ्यावरून ताडकन उठले.

"मी बाहत्तर, ही साठ," सासूबाई पदर सोडत म्हणाल्या. "केसरीनाथच्या नियमानं दोघी एकाच वर्गातल्या. साठीच्या वर! ती फिरते तर मी का घरात बसू?"

झालं! आता रोज सकाळी पुढे भाताचं पातेलं, मधे मी, मागे सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर डबे. किक मारली की आवाज बुडत नाही, कारण तो आता थेट माझ्या कानाशीच असतो! "कमले, ट्रक हाय! कमले, खड्डा हाय! कमले, मागचा हॉर्न देतोय, जाऊ दे त्याला!" वॉचमनच्या बायकोशी माझ्याआधी त्याच बोलतात. भेळेच्या दोन पुड्या घ्याव्या लागतात आणि माझ्या पुडीत तिखट जास्त पडलंय हेही ऐकून घ्यावं लागतं. गोडाऊनवरची जी माणसं मला भाभी म्हणायची, ती माझ्या हातातून पिशव्या काढून घेतात आणि म्हणतात, "अम्मा, आप बैठो." पण मी मागे हटलेली नाही! गाडी माझी आहे आणि मीच चालवते. कोण म्हणतो मी हरले?

काल मात्र जरा विचित्र झालं. सासूबाईंच्या "हळू गं, हळू गं" मुळे मी इतकी हळू चालवत होते की काल्हेरच्या चढावर एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. कापडाच्या लूमवर काम करणारा कुणीतरी, पायजमा वर खोचलेला. जाता जाता त्याने वळून आमच्याकडे बघितलं आणि कौतुकाने विचारलं, "अम्मा, आप दोनों सगी बहनें हो क्या?"

मी उत्तर द्यायला गाडी थांबवणार, एवढ्यात मागून सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हाँ! और ये बड़ी वाली है!"